म्हाळसेच्या घराची आखणी

आपल्या पणजीची पणजी परकर नेसून नदीवर हुंदडत होती, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. लहानांनी पुढे बसा. मोठे मागे भिंतीला टेकून बसले तरी चालेल, पण कान इकडे असू द्या.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव चांगलं होतं. कुणाच्या घरी काय शिजतंय हे गल्लीच्या टोकापर्यंत ठाऊक असायचं. आणि कुणाच्या घरी काही शिजत नसलं तर तेही ठाऊक असायचं, मग कुणीतरी पदराखाली वाटी झाकून तिकडे जायचं.

या गावात जमिनीला दोरी लावत नसत. दोरी लावायची ती फक्त भाऊ भाऊ वेगळे होताना, वाटणीच्या वेळी. त्यामुळे दोरी दिसली की बाया देवाचं नाव घ्यायच्या. नवं घर बांधताना तर दोरी नाही, काठी नाही, पाऊल मोजणंसुद्धा नाही. मोजमाप आलं की मागून वाटणी येते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मग घर आखायचं कसं? तर नुसत्या हातानं. घरच्या बाईनं आपल्या चुलीतली राख मडक्यात घ्यायची आणि मूठ मूठ सोडत जमिनीवर चौकोन काढायचा. चारी बाजू सारख्या हव्यात. चार दिशा म्हणजे चार बहिणी, एकीला कमी दिलं तर ती रुसते आणि त्या बाजूनं वाळवी तरी येते नाहीतर वारा तरी. सुरुवातीच्या रेघेला शेवटची रेघ मिळाली की आखणी झाली. त्याच रेघेवर भिंती उभ्या राहायच्या.

हे सगळं वर्षातल्या एकाच दिवशी, धान्याची रास घरात आल्यानंतरच्या पुनवेला, सूर्य डोंगराआड जायच्या आत करायचं. नाही जमलं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

आता तुम्ही म्हणाल, चौकोन काढायचा त्यात काय एवढं. घ्या कोळसा आणि काढा अंगणात. ताटाएवढा चौकोन कुणालाही जमतो, कारण तो आपण वरून बघतो, सगळा एका नजरेत मावतो. पण घराएवढा काढून बघा. त्या चौकोनात आपणच उभे असतो. हात एक म्हणतो, डोळा दुसरंच म्हणतो आणि पाय भलतीकडेच निघालेले असतात.

तर त्या गावात एक सून होती. तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. आपण तिला म्हाळसा म्हणू.

मागल्या पावसात ओढा फुगला आणि म्हाळसेचं घर भिंतींसकट घेऊन गेला. नवरा, सासू आणि ती, एवढी माणसं तेवढी वाचली. गावातले सर्वांत वडीलधारे म्हणजे आबा. त्यांनी आपल्या गोठ्याची अर्धी बाजू या तिघांना दिली. उरलेल्या अर्ध्यात आबांची म्हैस. मधे बांबूच्या कामट्यांची एक तट्टी बांधली होती, पण म्हैस काही तट्टी मानत नव्हती. रात्रंदिवस तिचं तोंड अलीकडे असायचं.

गोठ्यात चुलीचा धूर कोंडायचा. सासूला खोकला लागला होता, तो काही केल्या हटत नव्हता. म्हाळसेला दिवस गेले होते. म्हैसही गाभण होती. दोघींचे दिवस एकाच सुमाराला भरणार, असा गावाचा हिशेब होता.

एक दिवस आबा गोठ्याच्या दारात उभे राहिले. त्यांना बोलायला अवघड वाटत होतं, हे त्यांच्या खाकरण्यावरूनच कळत होतं.

"पोरी, मी तुला जा म्हणत नाही," ते म्हणाले. "पण म्हैस व्याली की रेडकू ठेवू कुठे? आणि तुझं लेकरू काय रेडकाच्या पायांशी निजवणार आहेस?"

"नाही आबा," म्हाळसा म्हणाली. "यंदाच्या पुनवेला रेघ मिळवते. भिंती चढायला कितीसा वेळ लागतो."

"मिळव बाई. यंदा मिळाली नाही तर तुमचं करायचं काय, हे मला तरी सुचत नाही."

त्या दिवसापासून म्हाळसा गोठ्यातल्या धुळीत बोटानं चौकोन काढायला लागली. सासू पडल्या पडल्या बघायची.

"कसा आहे आत्याबाई?"

"मागल्याहून बरा आहे. मागला पापडासारखा झाला होता."

"पापड गोल असतो."

"म्हणून तर म्हणते."

म्हाळसा हसायची, चौकोन पुसायची आणि नवा काढायची. हळूहळू तिचा हात बसला. पण ते सगळे चौकोन ताटाएवढे होते, हे लक्षात ठेवा.

पुनवेचा दिवस उजाडला. ओढ्यापासून दूर, जरा उंचावर एक जागा ठरली होती. सकाळची कामं उरकून सगळं गाव तिथे जमलं. घराच्या आखणीला कुणी घरी बसत नसे. माणसं आपापल्या आळीप्रमाणे बसली. वरच्या आळीचे डोंगराच्या बाजूला, खालच्या आळीचे ओढ्याच्या बाजूला, देवळाजवळचे देवळाकडे आणि मळ्यातले शेतांकडे. आबा डोंगराच्या बाजूला घोंगडी टाकून बसले. त्यांच्या बरोबर समोर, ओढ्याच्या बाजूला, ठमाकाकी बसली.

ठमाकाकी म्हणजे खालच्या आळीचे डोळे, कान आणि तोंड. कुणाच्या लेकराला गोवर आला की घरच्यांच्या आधी तिला कळायचा. पण पुरात घर गेल्यावर म्हाळसेला पहिली भाकरी तिनंच नेली होती. बाई बोलायची फार आणि करायचीही फार.

म्हाळसेनं मडकं कमरेवर घेतलं, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिली मूठ सोडली. पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं. नवरा शेजारून चालत होता, घडीघडीला मडकं धरत होता. पहिली रेघ गेली. कोपरा वळला. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी रेघ पहिलीला जाऊन मिळाली आणि दुपारच्या आतच आखणी झाली.

म्हाळसेनं कपाळाचा घाम पुसला. सासूनं लांबूनच हात जोडले.

तेवढ्यात ठमाकाकी म्हणाली, "छान झालं गं. फक्त ती डोंगराकडची बाजू जराशी आखूड वाटते."

खालच्या आळीनं माना तिरक्या करून बघितलं. खरंच की. डोंगराकडची बाजू आखूड दिसत होती.

काकी मायेनं सांगत होती. जन्माचं घर, एक बाजू आखूड राहून कसं चालेल? म्हाळसेनं ती बाजू पायानं पुसली आणि थोडी लांबवून पुन्हा काढली.

आता आबा उठून उभे राहिले. "अगं, ही बाजू केवढी ताणलीस? मुळात ओढ्याकडची बाजू आखूड होती. आता तर पार तोंड दाबल्यासारखी दिसते."

वरच्या आळीनं मान डोलावली. खरंच की. म्हाळसेनं ओढ्याकडची बाजू पुसली आणि लांबवली.

मग देवळाकडून हाक आली, "शेतांकडची बाजू तोकडी पडली बघ." ती लांबवली, तर शेतांकडून ओरड आली, "देवळाकडची विसरलीस काय?"

"आम्हाला दिसत नाही होय? आमचे डोळे काय फुटलेत?"

"फुटले नसतील, पण जेवून झोपलेत."

अशी बोलाचाली सुरू झाली. म्हाळसा पुसत होती, काढत होती. ही बाजू लांबवली की ती आखूड, ती लांबवली की ही. चौकोन मोठा मोठा होत चालला. आधी त्यानं पायवाट गिळली. मग आबांच्या कडब्याच्या गंजीचा कोपरा आत घेतला. शेवग्याचं एक झाड सकाळी अंगणाच्याही बाहेर होतं, ते दुपारी स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं.

म्हाळसेचा नवरा मुलखाचा अबोल. तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "एवढ्याला छप्पर कुठलं घालू? एवढा बांबू डोंगरावर तरी आहे का?"

कुणी ऐकलं नाही. जो तो आपल्या समोरची आखूड बाजू दाखवण्यात गुंतला होता. गंमत म्हणजे त्यांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं.

मग म्हाळसेनं मडक्यात हात घातला आणि तिच्या बोटांना तळ लागला. राख संपली होती. चौकोनाची एक बाजू पुसलेलीच होती, आणि सूर्य डोंगराकडे कलला होता.

ती होती तिथेच खाली बसली. मडकं मांडीवर घेतलं. "कुठली बाजू आखूड आहे ते आता माझं मलाच कळेना," एवढंच ती म्हणाली.

सासू खोकत खोकत उभी राहिली. "तुम्ही सगळी माझ्या सुनेच्या भल्याचंच सांगताय, हे मला कळतं. पण तिनं चारी बाजूंनी एकदम कसं बघावं? देवानं तिला दोनच डोळे दिलेत."

बाजू दाखवणारे हात खाली आले. आता पुढचं वर्ष. पुढच्या वर्षापर्यंत म्हातारीचा खोकला, रेडकू आणि लेकरू. जो तो मनातल्या मनात गोठ्याचा कोपरा आठवत होता.

इकडे उतरतं ऊन ठमाकाकीच्या सरळ डोळ्यांत येत होतं. तिनं पदर पुढे ओढला, हात आडवा धरून बघितला, काही जमेना. शेवटी ती उठली, चौकोनाला वळसा घालून डोंगराच्या बाजूला गेली आणि आबांना म्हणाली, "सरका जरा तिकडे."

आबा सरकले. ठमाकाकी घोंगडीवर टेकली, समोर बघितलं आणि गप्प झाली.

ठमाकाकी गप्प होणं म्हणजे काहीतरी मोठंच असणार. आबा घाबरले. "काय गं? विंचूबिंचू चावला का?"

"आबा, ही आपल्या पुढची बाजू मी आखूड म्हणत होते."

"म्हणत होतीस की. डोंगरानंसुद्धा ऐकलंय."

"इथून तर ही चांगली ऐसपैस दिसते. आखूड दिसते ती पलीकडची. आमच्याकडची."

"मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?"

"पण आबा, तिथून ती आखूड दिसत नव्हती. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला? स्वतःच्या गळ्याची घे."

पण काकीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती म्हाळसेकडे बघत होती. तिला गप्प बसता आलं असतं. काकीनं जागा बदलली म्हणून कुणी काही विचारणार नव्हतं. आणि इतक्या लोकांपुढे आपलं बोलणं माघारी घेणं, तेही ठमाकाकीनं, म्हणजे खालच्या आळीला वर्षभर पुरेल एवढं हसू. पण समोर ती पोटुशी पोर रिकामं मडकं घेऊन बसली होती.

काकी उठली. "ऐका गं सगळ्या, ऐका रे," ती म्हणाली. "मी सकाळी बोलले ते चुकलं. ती बाजू आखूड नव्हती. ती माझ्यापासून लांब होती, म्हणून आखूड दिसली."

कुणीतरी हसलं. "काकी, डोक्यावर पदर घे, ऊन लागलं तुला."

"इकडे या आणि मग हसा," काकी म्हणाली.

आधी खालच्या आळीची दोन माणसं उठून आली. त्यांनी बघितलं आणि ती हसायची थांबली. मग देवळाकडची शेतांकडे गेली, शेतांकडची देवळाकडे. बघता बघता सगळं गाव त्या राखेच्या चौकोनाभोवती फिरायला लागलं. जो जिथे जाऊन उभा राही, तो आपलेच सकाळचे शब्द आठवून कान खाजवी.

सर्वांत शेवटी आबा काठी टेकत ओढ्याच्या बाजूला गेले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरी, तू काढलेला पहिला चौकोन बरा होता का गं?"

"काय माहीत आबा," म्हाळसा म्हणाली. "तो आता कुठे आहे बघायला?"



ठमाकाकीनंच पदर खोचला. "सूर्य अजून वर आहे. राख मी आणते."

"राख आपल्याच चुलीची लागते," गर्दीतून कुणीतरी आठवण दिली.

सासू म्हणाली, "पूर आला तेव्हा आम्हाला चूल होती का? आम्ही कुणाच्या चुलीवरचं जेवलो?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी काठी जमिनीवर टेकवली. "जिच्यावरचं हिनं खाल्लं, ती चूल हिचीच. जा, आणा."

बाया घरांकडे धावल्या. कुणी सुपात, कुणी परातीत, कुणी ओच्यात राख घेऊन आली. मडकं भरून वर शीग लागली.

तोवर म्हाळसा विचार करत होती. कुठल्याही बाजूला उभं राहिलं की समोरची बाजू आखूड दिसते. मग कुठल्याच बाजूला उभं राहायला नको. तिनं जुनी राख पायानं पुसून टाकली आणि ती जागेच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

"चारी आळ्यांचं एकेक माणूस चार कोपऱ्यांना उभं राहा," ती म्हणाली.

आबा आले, ठमाकाकी आली, देवळाकडून एक आजी आली आणि शेतांकडून एक सून. म्हाळसेनं दोन्ही हात पसरले. एका हाताच्या दिशेला आबा, दुसऱ्या हाताच्या दिशेला ठमाकाकी. मग तिनं आबांकडे तोंड केलं आणि तसेच हात पसरून उरलेल्या दोघींना उभं केलं.

"आबा, जरा अलीकडे. आणखी थोडे. बास. काकी, तुम्ही मागे."

"मी मागेच आहे."

"आणखी मागे."

"मला ओढ्यातच पाठव," काकी पुटपुटली, पण सरकली.

मधे उभी राहून म्हाळसा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. चारी तोंडं तिला सारखीच मोठी, सारखीच जवळ दिसायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "आता कुणी हलू नका."

तिनं मडकं उचललं आणि आबांच्या पायांपाशी पहिली मूठ सोडली. या वेळी ती रेघेकडे बघत नव्हती. ज्या माणसाकडे जायचं त्याच्या तोंडाकडे बघत चालत होती आणि राख तिच्या मुठीतून आपोआप सुटत होती. देवळाकडची आजी तिला बघून म्हणाली, "ये बाळा, ये, सरळ ये." तिथून ठमाकाकीकडे, तिथून शेतांकडच्या सुनेकडे आणि मग परत आबांकडे. आबांचे ओठ हलत होते. ते देवाचं नाव घेत होते की म्हशीचं, हे कुणाला कळलं नाही.

सूर्याची कड डोंगराला टेकली होती तेव्हा रेघेला रेघ मिळाली.

चौकोन अगदी बिनचूक होता असं मी म्हणणार नाही. ठमाकाकीला एका जागी उभं राहणं जन्मात जमलं नव्हतं. पलीकडे काय चाललंय ते बघायला ती मधेच पाऊलभर बाहेर सरकली, त्यामुळे तिचा कोपरा जरा फुगला.

मळ्यातला एक गृहस्थ बोलायला लागला, "तो कोपरा जरासा..." आणि मधेच थांबला. तो उठला, चौकोनाभोवती सावकाश एक चक्कर मारली, परत आपल्या जागी येऊन बसला आणि म्हणाला, "बरा आहे."

भिंती चढल्या. छपराला बांबू पुरला. आधी म्हैस व्याली, तिच्यामागून म्हाळसेला मुलगी झाली, ती नव्या घरातच झाली. मोकळ्या हवेत सासूचा खोकला हळूहळू बरा झाला. तो फुगलेला कोपरा पाळण्याला बरोबर पुरला. ठमाकाकी रोज दुपारी तिथे यायची, पाळण्याला झोका द्यायची आणि घरात काय शिजतंय ते विचारायची.

त्या वर्षापासून गावात एक नवा रिवाज पडला. घराच्या आखणीला कुणीही काहीही सांगावं, त्याला बंदी नाही. फक्त बोलण्याआधी चौकोनाभोवती एक चक्कर मारायची. बहुतेक माणसं चक्कर मारून येतात, तांब्याभर पाणी पितात आणि गप्प बसतात. ज्यांना तरीही बोलावंसं वाटतं, त्यांचं मात्र गाव कान देऊन ऐकतं.

म्हणून लहानथोर सगळ्यांना सांगते: दुसऱ्याची रेघ आखूड किंवा वाकडी म्हणण्याआधी आपण कुठे उभे राहून बघतोय, ते आधी पाहावं.